फोडणी कीं व्याकरण ?

जॅझ संगीताविषयीं आपल्याकडे जें थोडेंफार बोललें जातें, त्यांत एक वाक्य हटकून ऐकूं येतें. तें असें कीं, १९४७ सालीं डिझी गिलेस्पी या ट्रंपेटवादकानें चानो पोझो नांवाचा एक क्यूबन ढोलवादक आपल्या वाद्यवृंदांत घेतला, 'बीबॉप' या नव्या जॅझला क्यूबन ठेक्याची फोडणी दिली, आणि त्यांतून लॅटिन जॅझ हा पदार्थ सिद्ध झाला. वाक्य सुटसुटीत आहे. लक्षांत ठेवण्यास सोपें आहे. आणि दोन तबकड्यांपलीकडे ऐकण्याची ज्यास उसंत नाहीं, त्याची मोठी सोय करणारें आहे. आमची तक्रार एवढीच कीं तें खरें नाहीं. त्यांतला सन चुकला आहे, माणूस चुकला आहे, आणि सर्वांत वाईट गोष्ट म्हणजे त्यांतली उपमा चुकली आहे. सन आणि माणूस दुरुस्त करणें फारसें अवघड नाहीं. उपमा मात्र एकदां जिभेवर बसली म्हणजे विचार तिच्याच मागोमाग चालूं लागतो. म्हणून प्रथम तिचाच समाचार घेतलेला बरा.

फोडणी ही वरून घालावयाची वस्तु आहे. ती नसली तरी वरण हें वरणच राहतें. फार तर अळणी लागेल. तेव्हां 'क्यूबन ठेक्याची फोडणी' असें म्हणणारा मनुष्य नकळत असें सांगत असतो कीं, जॅझ हें मुळांत पूर्ण संगीत. विचार, रचना, बुद्धि हीं सर्व त्याचीं. क्यूबानें दिला तो केवळ चटका. एका बाजूस डोकें आणि दुसऱ्या बाजूस हातपाय, अशी ही वांटणी आहे. ही उपमा आजची नव्हे. न्यू ऑर्लिन्सचा पियानोवादक जेली रोल मॉर्टन यानें १९३८ सालीं आपल्या आठवणी सांगतांना जॅझमधील 'स्पॅनिश' रंगाचा उल्लेख केला, तोही मसाल्याच्याच भाषेंत. मॉर्टनच्या काळापुरती ती भाषा चालून जाण्यासारखी होती. डब्ल्यू. सी. हँडीच्या १९१४ च्या 'सेंट लुई ब्ल्यूज'मध्यें हबनेरा ठेका येतो, तो एका कडव्यापुरता येतो आणि निघून जातो. अशा पाहुण्यास फोडणी म्हटलें तर आम्ही भांडण्यास उठणार नाहीं. परंतु १९४० नंतरच्या दशकांत न्यूयॉर्क शहरीं जें घडलें तें निराळें होतें. तेथें दोन भाषांचें एक वाक्य करावयाचें होतें, आणि त्या दोन्ही भाषांचीं व्याकरणें परस्परांशीं भांडणारीं होतीं.

हें भांडण कोणतें, तें थोडें विस्तारानें सांगणें अवश्य आहे. कारण आमचा सारा वाद त्यावरच उभा आहे. क्यूबन संगीतांत 'क्लावे' नांवाच्या दोन लांकडी दांड्या असतात. आपल्या टिपऱ्यांची त्यांवरून आठवण व्हावी. मात्र त्या अधिक जाड आणि आंखूड असून त्यांचा नाद टणक असतो. या दांड्यांवर जो नमुना वाजतो त्यासही क्लावेच म्हणतात. त्याचे दोन समान खंड. एका खंडांत तीन आघात, दुसऱ्यांत दोन. तिनांचा खंड मात्रांच्या मधून मधून पडत पुढें ओढतो. दोहोंचा खंड त्या मानानें सरळ पडून तोल सांवरतो. गाणें तिनांच्या खंडापासून सुरू होवो कीं दोहोंच्या; एकदां सुरू झाल्यावर हा क्रम मोडावयाचा नाहीं. स्वरांची वाक्यें, बासचे आघात, पियानोची फिरत, काँगा आणि बोंगो यांवरील बोल, इतकेंच काय पण गाणाऱ्याचें श्वास घेणेंसुद्धां या क्रमाशीं जुळलें पाहिजे. तें उलट्या खंडावर पडलें तर त्यास 'क्रुसादो', म्हणजे आडवा गेलेला, असें म्हणतात. आणि समेवर चुकलेल्या गवयाकडे आपल्या बैठकींतले जाणते जसे पाहतात, तसेंच तेथले जाणते त्या वादकाकडे पाहतात. सम आणि क्लावे या एकच गोष्टी नव्हेत हें आम्ही जाणतों. सम ही एक जागा आहे. क्लावे ही दोन खंडांमधली ओढाताण आहे. परंतु महत्त्वाची गोष्ट पुढेंच आहे. पुष्कळदां त्या दांड्या वाजतच नाहींत. त्या वाजोत वा न वाजोत, सर्व वाद्यवृंद त्यांच्याच आज्ञेंत चालतो. जी न दिसतां सर्वांस बांधून ठेवते तिला फोडणी म्हणतात काय ?

आतां दुसरी बाजू पहा. जॅझचा 'स्विंग' चार मात्रांच्या अखंड चालीवर उभा असतो आणि त्यांत एका मात्रेचे दोन भाग सारखे नसतात. पहिला लांब, दुसरा तोकडा. क्यूबन वादक तेच दोन भाग समान वाजवितो. म्हणजे एकानें झोंका घ्यावयाचा आणि दुसऱ्यानें सरळ चालावयाचें. आणि दोघांनीं हात मात्र सोडावयाचा नाहीं! शिवाय जॅझच्या रचनेंत चार चार, आठ आठ खंडांनीं स्वरसंगती बदलत जाते, तर क्यूबन 'मोंतुनो' एकाच आकृतीवर दीर्घ काळ फिरत राहून ताण वाढवीत असतो. बीबॉपनें यांतली एक अडचण सौम्य केली. त्याच्या अतिद्रुत लयींत तो लांब-तोकडा भेद जवळ जवळ पुसला जातो आणि आघात अनपेक्षित जागीं पडूं लागतात. बीबॉप आणि क्यूबा यांचें सख्य जमलें याचें एक कारण आमच्या मतें हेंच आहे. पण अडचण सौम्य होणें निराळें आणि सुटणें निराळें. ती सोडविण्यास दोन्ही घरांत वाढलेला मनुष्य हवा होता.

असा मनुष्य होता. त्याचें नांव मारियो बाउझा. हवाना येथें १९११ सालीं त्याचा जन्म झाला. क्लॅरिनेटचें पाश्चात्त्य पद्धतीचें पक्कें शिक्षण त्यानें घेतलें आणि अगदीं लहान वयांत हवानाच्या फिलहार्मोनिक वाद्यवृंदांत तो वाजवूं लागला. १९२६ सालीं आंतोनियो मारिया रोमेऊ याच्या वाद्यवृंदाबरोबर ध्वनिमुद्रणासाठीं तो न्यूयॉर्कला गेला, आणि हार्लेम पाहून आला तो तेथेंच परत जाण्याचा निश्चय करून. क्यूबामध्यें काळ्या वादकास कोणतीं दारें बंद असत हें तो जाणून होता. हार्लेममध्यें त्यानें आपल्याच वर्णाचे लोक स्वतःच्या संगीतासह ताठ मानेनें वावरतांना पाहिले. १९३० सालीं तो तेथें कायमचा गेला. आंतोनियो माचीन या गायकास ध्वनिमुद्रणासाठीं ट्रंपेटवादक हवा होता. बाउझानें थोड्या आठवड्यांत ट्रंपेट हातीं धरून तें काम केलें. पुढें १९३३ सालीं चिक वेब याच्या वाद्यवृंदांत तो गेला आणि लवकरच त्याचा संगीत-दिग्दर्शक झाला. हा वाद्यवृंद म्हणजे हार्लेमच्या सॅव्हॉय नृत्यगृहाचें भूषण; एला फिट्झजेराल्ड ही गायिका पुढें आली ती येथूनच. वाचकांनीं हें लक्षांत घ्यावें कीं, ज्याला क्लावे जन्मापासून अवगत होती अशा मनुष्यानें स्विंगचें व्याकरणही त्याच्या मुख्य शाळेंत, आणि तेंही पहिल्या बांकावर बसून, आत्मसात केलें.

वेबनंतर बाउझा कॅब कॅलोवेच्या वाद्यवृंदांत गेला. गिलेस्पी या तरुण वादकास १९३९ सालीं त्या वाद्यवृंदांत आणला तो त्यानेंच. एका रात्रीं आपण आजारी असल्याचें सोंग करून त्यानें आपल्या जागीं गिलेस्पीस पाठविलें, ही गोष्ट जॅझच्या इतिहासांत प्रसिद्ध आहे. रोज शेजारीं बसणाऱ्या या दोघांत ठेक्यांविषयीं काय काय बोलणें झालें असेल याची कल्पना करण्यास फारशी प्रतिभा लागत नाहीं. १९४० सालीं बाउझाचा मेहुणा फ्रांसिस्को ग्रिल्यो, ज्यास जग 'माचितो' म्हणून ओळखतें, यानें आपला वाद्यवृंद काढला. पुढच्या वर्षीं बाउझानें त्याची संगीताची सूत्रें हातीं घेतलीं. वाद्यवृंदाचें नांव 'आफ्रो-क्यूबन्स'. आज हें नांव आपण सहज उच्चारतों. आपल्या आफ्रिकन रक्ताचा उल्लेख टाळण्यांत जेथें शहाणपण मानलें जाई, त्या काळांत व त्या धंद्यांत तें पाटीवर लिहिणें ही साधी गोष्ट नव्हती.

आणि मग १९४३ सालचा मे महिना. रात्रीच्या कामाच्या अखेरीस पियानोवादक आणि बासवादक विरंगुळा म्हणून एक आकृति घोळवीत होते. ती बाउझाच्या कानीं पडली. पुढच्या तालमींत त्यानें त्यांना तीच वाजवावयास लावली, तीवर सॅक्सोफोनांचा एक थर चढविला, त्यावर ट्रंपेटांचा दुसरा, आणि या सर्वांच्या वर जॅझच्या रीतीनें एकट्याचें मुक्त वादन. खालीं क्लावे जशीच्या तशी. ही रचना म्हणजे 'तांगा'. चार वर्षें थांबा म्हणजे गिलेस्पी-पोझो यांची जोडी रंगमंचावर येईल !

यावर विचारण्यांत येईल कीं, मग ही गोष्ट इतकी झांकली कां गेली ? कारण सांगतों, आणि तें फार मोठें नाहीं. अमेरिकेंतील वादकांच्या संघानें १ ऑगस्ट १९४२ पासून ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला होता. कांहीं कंपन्यांनीं १९४३ सालीं तडजोड केली, मोठ्या कंपन्या १९४४ च्या नोव्हेंबरपर्यंत अडून बसल्या. 'तांगा' जन्मली ती या मुक्या काळांत. तिच्या तबकड्या निघाल्या त्या कित्येक वर्षांनीं. बीबॉपचेही पहिले दिवस याच बहिष्कारांत बुडाले. परंतु त्यांची उणीव भरून काढण्यास आठवणी लिहिणारे आणि त्या छापणारे इंग्रजी भाषेंत पुष्कळ होते. स्पॅनिश बोलणाऱ्या मोहल्ल्यांतल्या नृत्यगृहाकडे वही घेऊन कोण जातो ? तबकडी हीच ज्यांच्या लेखीं पुराव्याची एकमेव जात, ते १९४३ सालीं कांहींच घडलें नाहीं असें समजून १९४७ पासून मोजूं लागले.

आतां १९४७ विषयीं. आम्हांस गिलेस्पीचें श्रेय कमी करावयाचें नाहीं; तसें करणें कृतघ्नपणाचें होईल. २९ सप्टेंबर १९४७ रोजीं कार्नेगी हॉलमध्यें त्यानें पोझोला आपल्या वाद्यवृंदासह उभें केलें आणि त्याच वर्षाच्या ३० डिसेंबरला 'मान्तेका'ची तबकडी भरली. या गोष्टी मोठ्याच आहेत. नृत्यगृहांत जें वाजत होतें तें त्यानें बसून ऐकणाऱ्यांच्या सभेंत नेलें, आणि त्यास बीबॉपची तीक्ष्ण स्वरसंगती दिली. कोणी म्हणेल, माचितोचा वाद्यवृंद नाचण्यासाठीं होता, १९४३ ची 'तांगा' स्विंगच्या शिंगांची होती, बीबॉपची नव्हती. तेव्हां बीबॉप आणि क्यूबा यांच्या मिलनाचें श्रेय गिलेस्पीलाच द्या. या म्हणण्यांत तथ्य आहे, आणि तें आम्ही मान्य करतों. परंतु पोझोला गिलेस्पीकडे नेणारा कोण ? पुन्हां बाउझाच. आणि माचितोच्या 'नाचणाऱ्या' वाद्यवृंदाबरोबर १९४८ सालीं ध्वनिमुद्रणास येऊन उभा राहिला तो खुद्द चार्ली पार्कर. १९५० सालीं चिको ओ'फॅरिल याच्या 'आफ्रो-क्यूबन जॅझ स्वीट'मध्यें पुन्हां आला तोही पार्करच. बीबॉपचा सर्वांत मोठा सॅक्सोफोनवादक ज्या पायावर निःशंक उभा राहिला, तो पाया कोणी भरला होता हें तरी विचाराल कीं नाहीं ?

'मान्तेका' कान देऊन ऐका. तिचा पहिला भाग पोझोचा. बासची आकृति कोणती, सॅक्सोफोनांनीं काय वाजवावयाचें, हें सर्व त्यानें तोंडानें म्हणून दाखविलें. गिल फुलर यानें तें कागदावर बसविलें. हा भाग एकाच स्वरसंगतीवर फिरत राहतो. मग गिलेस्पीनें जोडलेला सोळा खंडांचा मधला भाग येतो, आणि तेथें स्वरसंगती एकामागून एक बदलूं लागतात. ऐकणाऱ्यास एका घरांतून दुसऱ्या घरांत गेल्यासारखें वाटतें. तो मधला भाग सुंदर आहे. पण दोन घरांमधला उंबरठा तेथें पायाला लागतो. पोझोचा पहिला आघात आणि आपला पहिला आघात एकाच जागीं पडत नसत, हें गिलेस्पीनेंच १९७९ सालच्या आत्मचरित्रांत मोकळ्या मनानें सांगितलें आहे. 'तांगा'मध्यें असा उंबरठा नाहीं. यावरून 'मान्तेका' हलकी ठरत नाहीं. आम्हांस ती अतिशय प्रिय आहे. दोन थोर माणसें परस्परांची भाषा शिकत असतांना जें धाडस आणि जी घसरण होते, ती दोन्ही तिच्यांत आहेत. पण जेथें शिकणें चाललें होतें तेथें शोध लागला, आणि जेथें शोध लागून चार वर्षें झालीं होतीं तेथें केवळ नाच होता, असें म्हणणें हा न्याय नव्हे.

पोझोच्या नशिबीं तर याहून वाईट आलें. २ डिसेंबर १९४८ रोजीं, वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षीं, हार्लेममधील एका मद्यगृहांत गोळी लागून तो मेला. तेव्हांपासून त्याच्याविषयीं लिहिणाऱ्यांची लेखणी रक्त, रात्र आणि आदिम उन्माद यांतून बाहेर येतच नाहीं. तो स्वरलेखन जाणत नव्हता. म्हणून तो 'जन्मजात' होता, 'अंतःप्रेरणेचा' होता, म्हणे. ज्या आबाकुआ बंधुमंडळाचा तो घटक होता तेथील आणि क्यूबांतील इतर आफ्रिकन पंथांतील वादनाच्या परंपरा पाठ करण्यास, त्यांतले बोल परस्परांपासून वेगळे ओळखण्यास, किती वर्षांची मेहनत लागते याचा कोणी हिशेब मांडीत नाहीं. इतरांचें ठीक आहे. परंतु आपण मराठी लोकांनीं तरी असलें बोलणें खपवून घेऊं नये. गंधर्व नाटक मंडळींत अहमदजान थिरकवांचा तबला ऐकून ज्यांच्या आजोबा-पणजोबांनीं माना डोलविल्या, त्यांना काय हें सांगावयास हवें कीं, कागदावर न लिहिलेलें ज्ञान हेंही ज्ञानच असतें, आणि हातांतली विद्या डोक्यांतूनच हातांत उतरते ? तबलजीला कोणी 'उपजत तालाचा' म्हणून वाटेला लावूं लागला तर आम्ही त्याला अरसिक म्हणतों. हवानाच्या ढोलवादकाविषयीं तेंच बोलणाऱ्यास मात्र आम्ही जॅझचा जाणकार समजतों !

या प्रकारचा विसर आपल्या घरांतही आहे, हें येथें कबूल केलें पाहिजे. मुंबईच्या चित्रपटसंगीतांत बोंगो आणि लॅटिन ठेके घुमूं लागले, तेव्हां १९५१ च्या 'अलबेला'नें सी. रामचंद्र यांचें नांव घरोघरीं गेलें. तें जावयासच हवें होतें. पण त्यांच्याबरोबर काम करणारा चिक चॉकलेट, म्हणजे गोव्याचा आंतोनियो झेवियर वाझ, किती घरीं पोंचला ? स्वर कागदावर उतरवून वाद्यवृंद बसविणारे कितीतरी गोमंतकीय वादक पडद्यावरील नामावळींत कधीं आलेच नाहींत. अँथनी गोन्साल्विस हें नांव १९७७ च्या एका गाण्यानें पोरासोरांच्या तोंडीं झालें. परंतु तें माजोर्ड्याच्या एका खऱ्याखुऱ्या संगीतरचनाकाराचें नांव आहे, हें गाणाऱ्यांपैकीं किती जण जाणत होते? दोन संगीतांचा सांधा जुळविणारा मनुष्य सांध्यांतच चिणला जातो, आणि वर नांव लागतें तें पुढें उभा असणाऱ्याचें. न्यूयॉर्कची गोष्ट आम्हांस लागते ती यामुळेंच.

कोणी म्हणेल, हे सर्व जुने हिशेब. आज त्यांचें काय? आज त्यांचें असें आहे. २०११ सालीं अमेरिकेच्या रेकॉर्डिंग अकादमीनें ग्रॅमी पारितोषिकांचे १०९ विभाग कमी करून ७८ केले आणि त्यांत लॅटिन जॅझचा विभाग रद्द झाला. त्या संगीतास जॅझच्या सर्वसाधारण विभागांत कोठेंतरी बसवून घ्यावें, असा त्याचा अर्थ. हा उपमेचाच पराक्रम नव्हे काय ? फोडणीला स्वतंत्र ताट कोण वाढतो ! तालवादक बॉबी सनाब्रिया आणि त्याचे सहकारी यांनीं याविरुद्ध रान उठविलें, प्रकरण न्यायालयापर्यंत नेलें, आणि २०१२ सालीं अकादमीस तो विभाग परत आणावा लागला. सनाब्रिया हा बाउझाच्याच वाद्यवृंदांत वाजविलेला मनुष्य. पारितोषिकांचें आम्हांस फारसें कौतुक नाहीं, आणि संगीताची थोरवी त्या सोन्याच्या भोंग्यावर ठरते असेंही आम्ही मानीत नाहीं. पण विभाग गेला कीं त्या संगीतास लागणारा पैसा जातो, नव्या वादकास मिळणारें काम जातें, हें त्या धंद्यांतल्यांस विचारावें.

बाउझानें १९७५ च्या सुमारास माचितोचा वाद्यवृंद सोडला आणि पुढें स्वतःचा काढला. परंतु त्याच्या एकट्याच्या नांवानें ज्या मोठ्या तबकड्या निघाल्या त्या वयाच्या ऐंशीनंतर, आणि त्या काढल्या एका जर्मन कंपनीनें. 'तांगा' तेव्हां ओ'फॅरिलच्या हातून विस्तार पावून पुन्हां वाजली. १९९३ च्या जानेवारींत गिलेस्पी गेला. त्याच वर्षाच्या जुलैंत बाउझा गेला. आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं दर महिन्यास जॅझच्या तबकड्या ऐकण्याची बैठक असते आणि लॅटिन जॅझची पाळी आली म्हणजे तेथें 'मान्तेका'पासून आरंभ होतो. पुढच्या बैठकीस आम्ही 'तांगा' घेऊन जाणार आहों, आणि ती आधीं लागेपर्यंत यजमानांच्या चहास हात लावणार नाहीं.